खुले पत्र: ठाणे आणि नवी मुंबईतील निवृत्त केंद्राध्यक्षांनो, निवडणूक निरीक्षक म्हणून परदेशी चला

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील निवृत्त मतदान केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, क्षेत्रीय अधिकारी आणि सूक्ष्म निरीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

निवडणुकीच्या कामाचा आदेश आपल्यापैकी फार थोड्यांनी आनंदाने हातात घेतला असेल. आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मांडवात ताटकळायचे, यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक यादीशी ताडून पाहायचे, टीएमटीच्या किंवा एनएमएमटीच्या बसने केंद्र गाठायचे, शाळेच्या बाकांवर रात्र काढायची, पहाटे उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप (यंत्र तपासण्यापुरते) मतदान घ्यायचे, मग दिवसभर यादी, शाई आणि यंत्र सांभाळायचे आणि रात्री साहित्य परत देताना ‘सतरा सी’ या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यातला एखादा आकडा जुळत नाही म्हणून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे, हे सगळे आपण नोकरीचा भाग म्हणून केले. निवृत्तीनंतर ते सुटले याचे आपल्याला बरेच वाटले. मीही कळव्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि ओवळा-माजिवड्यापासून ऐरोलीपर्यंतच्या केंद्रांवर हे काम केले, त्यामुळे त्या थकव्याबद्दल मला कोणी नव्याने सांगायला नको.

तरीही हे पत्र मी त्याच कामाकडे आपल्याला पुन्हा बोलावण्यासाठी लिहीत आहे. फरक इतकाच की या वेळी मतदान केंद्र आपले नसेल आणि हातात कोणताही अधिकार नसेल. आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक म्हणून स्वेच्छेने, बिनपगारी, दुसऱ्या देशात जाण्याची ही विनंती आहे. आशियातील एका स्वयंसेवी निरीक्षक गटाबरोबर मला नेपाळच्या 2022 च्या आणि श्रीलंकेच्या 2024 च्या निवडणुकीत हे काम करता आले. तिथे माझी ठाम खात्री झाली की जगभरच्या या कामात ज्या नजरेची सर्वांत अधिक उणीव भासते, ती आपल्या शहरांतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांकडे आहे आणि ती वापराविना पडून आहे.

आधी हे काम नेमके कसले, ते सांगते, कारण ‘निरीक्षक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरच्या राज्यातून आलेले सनदी अधिकारी उभे राहतात. भारत निवडणूक आयोगाच्या या निरीक्षकांना लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 20 बी खाली अधिकार आहेत. केंद्र बळकावल्यासारखा गंभीर प्रकार घडला, तर मतमोजणी थांबवण्याचा किंवा निकाल जाहीर न करण्याचा निर्देश ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला देऊ शकतात. आंतरराष्ट्रीय निरीक्षकाला यातले काहीही करता येत नाही. तो यजमान देशाच्या निमंत्रणावरून जातो, तिथल्या निवडणूक आयोगाचे ओळखपत्र गळ्यात घालतो, केंद्रावर उभा राहून पाहतो, विचारतो, ठरावीक नमुन्यात नोंद करतो आणि ती नोंद आपल्या गटाकडे पाठवतो. अनेक केंद्रांवरून आलेल्या अशा नोंदी एकत्र करून गट मतदानानंतर एक-दोन दिवसांत प्राथमिक निवेदन देतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी शिफारशींसह अंतिम अहवाल प्रसिद्ध करतो. या कामाची आचारसंहिता 27 ऑक्टोबर 2005 रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात झालेल्या समारंभात मान्य झालेल्या ‘आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांच्या जाहीरनाम्या’ला जोडलेली आहे. निरीक्षकाला तिच्यावर सही करावी लागते.

निरीक्षक दोन प्रकारचे असतात. दीर्घकालीन निरीक्षक मतदानाच्या काही आठवडे आधी जातात आणि मतदार नोंदणी, उमेदवारी अर्ज, प्रचार, तक्रारी यांवर लक्ष ठेवतात. अल्पकालीन निरीक्षक मतदानाच्या सुमारास साधारण आठवडाभर असतात. निरीक्षक सहसा जोडीने फिरतात, बहुधा दोघे वेगवेगळ्या देशांचे असतात आणि सोबत स्थानिक दुभाषी व वाहनचालक असतो. पहाटे एखादे केंद्र उघडताना पाहायचे, दिवसभरात काही केंद्रांना भेटी द्यायच्या, संध्याकाळी एका केंद्रावर मतदान संपतानाची प्रक्रिया पाहायची आणि जिथे मोजणी होते तिथे रात्र काढायची, असा तो दिवस असतो. आपल्यापैकी कोणालाही त्याचे वेळापत्रक अनोळखी वाटणार नाही.

आता माझे मुख्य म्हणणे. मतदानाचा दिवस पाहणे तुलनेने सोपे आहे. रांग शांत आहे का, पडद्यामागे गुप्तता आहे का, शाई लावली जाते का, प्रतिनिधी बसले आहेत का, हे कोणत्याही सुजाण माणसाला दिसते. अवघड भाग मतदान संपल्यानंतर सुरू होतो, जेव्हा माणसे थकलेली असतात आणि मते कागदावरच्या आकड्यांत उतरू लागतात. निरीक्षणाच्या कामावर गेल्या काही वर्षांत जी सर्वांत गंभीर टीका झाली, ती याच टप्प्याबद्दल झाली.

केनियात 8 ऑगस्ट 2017 रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. आंतरराष्ट्रीय निरीक्षक गटांच्या सुरुवातीच्या निवेदनांत मतदानाच्या दिवसाबद्दल समाधान व्यक्त झाले होते. त्यानंतर 1 सप्टेंबर रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूकच रद्द ठरवली, आणि त्याचे कारण मतदान केंद्रावरच्या रांगेत नव्हते, तर निकाल पुढे पाठवण्याच्या प्रक्रियेत होते. तिथे प्रत्येक केंद्राच्या निकालासाठी 34 ए आणि मतदारसंघाच्या एकत्रित निकालासाठी 34 बी असे नमुने आहेत. खालचे सगळे 34 ए हाती येण्याआधीच अंतिम निकाल जाहीर झाला, यासारख्या गोष्टी न्यायालयापुढे आल्या. मलावीत 21 मे 2019 ची अध्यक्षीय निवडणूक तिथल्या घटनापीठाने 3 फेब्रुवारी 2020 रोजी रद्द केली. तिथे निकालपत्रकांवरचे आकडे व्हाइटनर लावून बदललेले आढळले होते. 23 जून 2020 रोजी फेरनिवडणूक झाली आणि विरोधी उमेदवार निवडून आला. मलावीतही निरीक्षकांनी सुरुवातीला मतदानाच्या व्यवस्थेचे कौतुकच केले होते.

ही दोन उदाहरणे आपल्यासमोर ठेवण्याचे कारण उघड आहे. निकालपत्रकावर व्हाइटनर म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर आकड्यावर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, हे आपल्या हाडात मुरलेले आहे. ‘सतरा ए’ या मतदारांच्या नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक, मतदान न करता परत गेलेल्यांची संख्या आणि यंत्रावरची एकूण मते यांचा मेळ बसल्याशिवाय कोणी प्रतिनिधी आपल्याला सही करू देत नव्हता. राज्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, अतिशय हुशार आणि कष्टाळू तरुण निरीक्षक मी पाहिले. लोकशाहीच्या सिद्धान्तांबद्दल ते माझ्यापेक्षा कितीतरी अधिक जाणतात. परंतु वापरलेल्या मतपत्रिका, खराब झालेल्या मतपत्रिका आणि उरलेल्या मतपत्रिका यांची बेरीज मिळालेल्या मतपत्रिकांइतकी आली पाहिजे, हे त्यांना वाचून माहीत असते आणि आपल्याला करून माहीत असते.

यात आपल्यातल्या वडीलधाऱ्यांचे स्थान विशेष आहे. 2004 च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर मतदान यंत्रे आली, पण त्याआधी ज्यांनी लोखंडी पेट्या, लाख, सुतळी, प्रतिपर्ण आणि फुलीचा शिक्का यांच्यावर कामे केली, ते अजून नौपाड्यात, वाशीत, नेरूळमध्ये आपल्यात आहेत. जगातल्या बहुतेक देशांत आजही मतदान कागदावरच होते. मतपत्रिकेची पहिली घडी उभी आणि दुसरी आडवी का घालायची, म्हणजे ओल्या शिक्क्याचा ठसा दुसऱ्या उमेदवाराच्या चौकटीत उमटून मत वादात पडू नये, हे त्यांना ठाऊक आहे. नेपाळमध्ये मतदार स्वस्तिकाच्या छापाने मत देतात आणि एकाच मतदाराच्या हातात प्रत्यक्ष निवडणुकीची आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची अशा वेगळ्या मतपत्रिका येतात. 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका डोंगराळ जिल्ह्यातल्या केंद्रावर मी उभी होते. वयस्कर मतदार मतपत्रिका हातातच चुरगाळून पेटीत टाकत होते आणि केंद्रावरचा एक कर्मचारी प्रत्येकाला मोकळ्या कागदावर घडी घालून दाखवत होता. माझ्यासोबतच्या युरोपीय सहकाऱ्याला ती साधी मदत वाटली. मी मात्र माझ्या नोंदीत एक ओळ अधिक लिहिली: मदत पडद्याच्या अलीकडे, सर्वांसमोर आणि कोऱ्या कागदावर केली गेली. केंद्राध्यक्ष राहिलेल्या माणसाची नजर आपोआप जाते, ती अशा ठिकाणी जाते.

श्रीलंकेचा अनुभव थोडा सविस्तर लिहिते, कारण या कामातली सर्वांत कठीण गोष्ट मला तिथे कळली. 21 सप्टेंबर 2024 रोजी तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतपत्रिकेवर उमेदवारांची लांबलचक यादी होती, मतदाराला पहिली, दुसरी आणि तिसरी पसंती देण्याची सोय होती, आणि कोणालाच पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने त्या देशाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. मतदान सकाळी सात ते दुपारी चार एवढेच असते, आणि मतपेट्या मोजणीसाठी मोजणी केंद्रावर नेल्या जातात. कँडी जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मतदान संपण्याच्या वेळी थांबले. तिथल्या केंद्राध्यक्ष बाई स्वतः शिक्षिका होत्या. चार वाजता दार बंद झाले, पेटीच्या तोंडावर कागदी पट्टी बसली, प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या आणि बाई मतपत्रिकांचा हिशेब करायला बसल्या. एक मतपत्रिका कमी पडत होती.

त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा एकच कमी. दोन प्रतिनिधी उठून टेबलाशी आले. सकाळी एका मतदाराने चुकीची खूण करून परत दिलेली मतपत्रिका बाईंनी एका वेगळ्या पाकिटात घातली होती, ते पाकीट त्यांच्या कोपराखालच्या फाइलच्या कडेतून डोकावत होते आणि मला ते दिसत होते. ठाण्यात असते तर मी हात पुढे करून ते पाकीट उचलले असते. तिथे मला तो अधिकार नव्हता. निरीक्षकाने गंभीर गैरप्रकार किंवा मोठी अडचण अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून देण्यास आचारसंहितेची हरकत नाही, मात्र ते कामात अडथळा न आणता करायचे असते. निरीक्षकाने प्रश्न विचारण्यासही मुभा आहे. परंतु सूचना द्यायची नाही, आणि आपल्या बोलण्याने प्रक्रियेला वळण लागेल असे वागायचे नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. तिथे गैरप्रकार नव्हता. एक थकलेली, प्रामाणिक बाई आपले काम करत होती. मी वेळ टिपली आणि गप्प उभी राहिले. काही मिनिटांनी त्यांनी स्वतःच फाइल उचलली, पाकीट सापडले, हिशेब जुळला आणि प्रतिनिधींनी सह्या केल्या. माझ्या नोंदीत मी लिहिले की तफावत आली, ती प्रतिनिधींच्या समक्ष तपासली गेली, कारण सापडले आणि कोणी आक्षेप घेतला नाही.

ती नोंद महत्त्वाची का, हेही सांगितले पाहिजे. मी मदत केली असती तर हिशेब पाच मिनिटे आधी जुळला असता, पण एखाद्या प्रतिनिधीच्या मनात ‘परदेशी बाईंनी पाकीट काढून दिले’ ही शंका राहिली असती, आणि त्या केंद्राच्या निकालाला माझ्यामुळे डाग लागला असता. आपल्यासारख्यांना हे गप्प राहणे फार जड जाते, कारण आपण आयुष्यभर केंद्र चालवले आहे. ज्यांना आपल्या हातांना आवर घालता येणार नाही असे वाटते, त्यांनी कृपया या कामाला जाऊ नये. हीच गोष्ट मोबाइलची. गट आपले निवेदन देईपर्यंत निरीक्षकाने पत्रकारांशी किंवा जाहीरपणे निवडणुकीबद्दल मत व्यक्त करायचे नसते, आणि त्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसह टाकलेली चार वाक्येही येतात. मतदाराला ‘कोणाला मत दिले’ हे विचारणे तर पूर्णपणे निषिद्ध आहे.

काही आक्षेप माझ्यापर्यंत आलेले आहेत. पहिला असा की आपल्या देशात परदेशी निरीक्षकांची अशी पद्धत नाही, मग आपण दुसऱ्यांच्या घरात कशाला डोकवायचे. आपला निवडणूक आयोग इतर देशांच्या निवडणूक अधिकाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावतो आणि मतदान दाखवतो, हे खरे. त्यापुढे जायचे की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर वेगळी मते असू शकतात. पण निरीक्षक निमंत्रणाशिवाय कुठेही जात नाही, आणि आपण जाऊ ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर अनुभवी नागरिक म्हणून जाऊ. शिवाय दुसऱ्या देशाच्या निवडणुकीला भारतीयाने हातभार लावणे नवे नाही. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन 1953 मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते. म्हैसूरच्या कारखान्यातली न पुसली जाणारी शाई अनेक देशांत जाते. नामिबियाने नोव्हेंबर 2014 मध्ये भारतीय बनावटीच्या यंत्रांवर मतदान घेतले. शाई गेली, यंत्रे गेली. ती वापरणारी, त्यांच्यातल्या खाचाखोचा जाणणारी माणसे मात्र घरी बसली आहेत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मी हलका करणार नाही. कंबोडियात 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील निवडणुकीची तयारी करणारा एक तरुण जपानी स्वयंसेवक मारला गेला. 2014 च्या मार्चमध्ये काबूलमधल्या एका हॉटेलवर झालेल्या हल्ल्यात एका परदेशी निवडणूक निरीक्षकाचा जीव गेला. जबाबदार गट सुरक्षेचे प्रशिक्षण देतात, अशांत भागात माणसे पाठवत नाहीत आणि गरज पडल्यास माघारी बोलावतात. तरीही घरच्यांशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय, तब्येतीची पूर्ण तपासणी केल्याशिवाय आणि विमा उतरवल्याशिवाय कोणीही होकार देऊ नये. पहाटे चारला सुरू होऊन दुसऱ्या पहाटेपर्यंत चालणारा दिवस मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या शरीराला झेपेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा, म्हणजे कुठे जायचे आणि कोण घेणार. येथे स्पष्ट बोललेले बरे, कारण काही दारे आपल्यासाठी बंद आहेत. युरोपीय संघाच्या निरीक्षक पथकांत मुख्यतः त्या संघाच्या सदस्य देशांचे नागरिक घेतले जातात. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे निवडणूक कार्यालय वॉर्सा येथे आहे आणि तिथे बहुतेक निरीक्षक त्या संघटनेच्या 57 सहभागी देशांकडून पाठवले जातात. भारत त्यांत नाही. राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटात महासचिवांच्या निमंत्रणावरूनच प्रवेश मिळतो, तिथे अर्ज करून उपयोग नाही. उरलेली दारे मात्र खरी आहेत. ‘एशियन नेटवर्क फॉर फ्री इलेक्शन्स’ ही 1997 मध्ये स्थापन झालेली, बँकॉकमधून काम करणारी संस्था आशियातल्या नागरिक संघटनांचे जाळे आहे आणि तिच्या पथकांत आशियाई निरीक्षक असतात. माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1982 मध्ये स्थापन केलेले कार्टर सेंटर 1989 मधील पनामापासून हे काम करत आले आहे आणि त्याच्या पथकांत अनेक देशांचे लोक असतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, ज्याचे मुख्यालय जर्मनीत बॉन येथे आहे, तो निरीक्षणासाठी नव्हे, तर निवडणुकीच्या प्रत्यक्ष कामात साहाय्य करण्यासाठी माणसे घेतो. पूर्व तिमोरमध्ये 30 ऑगस्ट 1999 रोजी झालेल्या जनमत चाचणीत जिल्ह्याजिल्ह्यांतून काम करणारे निवडणूक अधिकारी याच कार्यक्रमाचे स्वयंसेवक होते. तिथे 98 टक्क्यांहून अधिक नोंदणीकृत मतदारांनी मतदान केले आणि 78.5 टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली.

अशा गटांत जाणाऱ्याला पगार मिळत नाही. प्रवास, निवास आणि रोजचा माफक भत्ता गटाकडून मिळू शकतो. प्रत्येक गटाचे नियम वेगळे असतात आणि ते आधी लेखी विचारून घ्यावेत. मी निवृत्तांनाच पत्र लिहीत आहे, याला एक कायदेशीर कारणही आहे. विदेशी अंशदान (नियमन) अधिनियम, 2010 च्या कलम 6 नुसार सरकारी सेवकांना आणि सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्मचाऱ्यांना परदेशी पाहुणचार स्वीकारण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनाही हेच लागू आहे. सेवेतून निवृत्त झालेल्या सामान्य नागरिकाला ही अडचण नाही. आपल्यापैकी जे निवृत्तीनंतर एखाद्या पक्षात पदाधिकारी झाले आहेत, त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु हे काम त्यांचे नाही. निरीक्षकाची निःपक्षता केवळ मनात असून भागत नाही, ती इतरांनाही दिसावी लागते.

आणखी एका गोष्टीबद्दल सावध करते. काही देशांतली सरकारे आपल्या सोयीचे ‘निरीक्षक’ बोलावतात, त्यांना चांगल्या हॉटेलात उतरवतात, दोन-चार निवडक केंद्रे दाखवतात आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीवर त्यांच्या तोंडून प्रशस्ती वदवून घेतात. निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त बँक व्यवस्थापक, निवृत्त उपजिल्हाधिकारी ही पदे अशा कार्यक्रमात शोभून दिसतात, म्हणून आपल्यालाही कधी असे निमंत्रण येऊ शकते. 2005 च्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे की ज्या सरकारची निवडणूक पाहायची, त्याच्याकडून निरीक्षक पथकाने निधी किंवा साधनसामग्रीचे साहाय्य स्वीकारू नये. म्हणून कोणतेही निमंत्रण आले की प्रथम खर्च कोण करतो ते विचारा, गटाचे आधीचे अंतिम अहवाल मागा, आणि त्या अहवालांत सत्ताधाऱ्यांना न आवडणारे एक तरी वाक्य आहे का, ते शोधा.

भाषेबद्दल अनेकांना, विशेषतः मराठी माध्यमाच्या शाळांतून निवृत्त झालेल्या भगिनींना, संकोच वाटतो. नोंदी बहुधा इंग्रजीत आणि आता टॅबलेटवर भराव्या लागतात हे खरे आहे, परंतु त्यात अलंकारिक भाषा लागत नाही. काय पाहिले, किती वाजता पाहिले, कोण उपस्थित होते, एवढे साध्या वाक्यांत लिहिता आले की पुरते. उलट, केंद्राबाहेर महिलांच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका सूटबूटातल्या परदेशी तरुणापेक्षा साडीतल्या, साठी उलटलेल्या बाईशी अधिक मोकळेपणाने बोलतात, हे मी दोन्ही देशांत पाहिले. ‘आज येताना कोणी अडवले का’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळवायचे तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्याचाही काही वाटा असतो.

माझी सूचना अशी आहे. आपल्या दोन्ही शहरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, निवृत्त शिक्षकांच्या आणि बँक निवृत्तांच्या संघटना आहेत. त्यांपैकी ज्यांना यात रस आहे, त्यांनी आपल्या नेहमीच्या बैठकीचा काही वेळ या विषयाला द्यावा. 2005 चा जाहीरनामा आणि आचारसंहिता आपण एकत्र बसून, मराठीत समजून घेत वाचू. नेपाळ, श्रीलंका, केनिया, मलावी येथील निवडणुकांचे अंतिम अहवाल सर्वांसाठी खुले आहेत. ते वाचताना प्रत्येक शिफारशीपाशी थांबून, ‘हे आपल्या केंद्रावर कसे होत होते’ असा प्रश्न विचारला तर आपल्या अनुभवाला शब्द मिळतील, आणि मुलाखतीत तेच शब्द कामी येतील. निरीक्षणाच्या नोंदपत्रकाचा सराव, थोडी टॅबलेटची सवय आणि सोप्या इंग्रजीत नोंद लिहिण्याचा अभ्यास, एवढी तयारी आपण आपसांत करू शकतो. एकट्याने अर्ज करून नकार आला की माणूस खचतो. पाचसहा जणांनी मिळून तयारी केली तर एकाला मिळालेली माहिती सर्वांना उपयोगी पडते.

शेवटी एक तातडीची विनंती. निवड करणारे गट निवडणूक कामाच्या अनुभवाचा पुरावा मागतात. आपल्याकडचे नियुक्ती आदेश, प्रशिक्षणाच्या हजेरीची पत्रे, केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीच्या ठेवलेल्या प्रती, सूक्ष्म निरीक्षकाचे ओळखपत्र, हे सगळे कपाटाच्या माळ्यावर किंवा जुन्या सुटकेसमध्ये असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाण्याआधी बाहेर काढा, वर्षाप्रमाणे लावा, स्कॅन करून ठेवा, आणि ज्या निवडणुकीचा कागद सापडत नाही तिचे वर्ष, मतदारसंघ आणि आपले पद एका कागदावर आठवणीने लिहून काढा. सोबत काम केलेल्या सहकाऱ्यांपैकी कोणी तो अनुभव लेखी दुजोरा देऊन प्रमाणित करू शकत असेल, तर त्यांचे नाव आणि संपर्कही त्याच कागदावर नोंदवा.

आपली स्नेहांकित,
एक निवृत्त मुख्याध्यापिका व माजी मतदान केंद्राध्यक्ष,
कळवा, ठाणे